ऐंशी वर्षांच्या आत येण्याआधी

इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला तरी जमीन बहुतेकदा मूळ मालकाचीच राहते. हाती येतो ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. मुदत फार आटली की बँका कर्ज द्यायला कचरतात.

1993च्या कायद्याने फ्लॅटधारकाला मोबदला देऊन 90 वर्षांची वाढ मागण्याचा हक्क मिळाला. जमीनभाडेही शून्यावर येते. मात्र 80 वर्षांहून कमी मुदत उरली, तर मुदतवाढीमुळे वाढणाऱ्या मूल्यातला निम्मा वाटा मालकाला जास्तीचा द्यावा लागतो. स्वतःच्याच घरासाठी पुन्हा पैसे मोजायला लावणारा हा नियम अन्यायाचाच. म्हणून 81 वर्षे उरली असतानाच नोटीस द्यावी.

आधी दोन वर्षे मालकी हवी, ही अट 31 जानेवारी 2025 पासून गेली. 2024च्या कायद्यात 990 वर्षांची वाढ आहे आणि तो निम्मा वाटाही रद्द; पण ही कलमे लगेच अमलात आली नाहीत.