परदेशी दत्तक गेलेले मूल आणि इंग्रजी : समज-गैरसमज

भारतातून परदेशी दत्तक गेलेल्या मुलांपैकी बरीच अमेरिकेत वाढतात. पाच-सहा वर्षांचे, बालसंगोपन संस्थेत मराठी किंवा हिंदी बोलत वाढलेले मूल तिथे पोहोचले की ‘लहान आहे, वर्षभरात फाडफाड इंग्रजी बोलेल’ असे सर्रास म्हटले जाते. ते बोलतेही. गफलत होते ती त्यावरून अभ्यासाचा अंदाज बांधण्यात. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा यांत फरक केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षेही लागतात. मैदानात मित्रांशी तावातावाने भांडणारे मूल गणितातल्या ‘हाऊ मेनी फ्यूअर’पाशी अडते, ते म्हणूनच. त्याला आळशी किंवा मंद ठरवणे अन्यायाचे आहे.

दुसरा समज असा, की दत्तक मूल स्थलांतरितांच्या मुलांसारखेच द्वैभाषिक होते. स्थलांतरितांच्या घरात आई-वडील जुनीच भाषा बोलत राहतात. दत्तक मुलाला मात्र ती बोलायला कुणीच उरत नाही. काही महिन्यांत ती मागे पडते आणि नवी अजून पुरती आलेली नसते. या मधल्या काळातला त्रागा, आदळआपट किंवा मौन हा हट्ट नसतो. सांगायचे असते, शब्द नसतात.

मग जुनी भाषा पार पुसली जाते का? तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची मोठेपणी चाचणी घेतली गेली. २००३ च्या त्या अभ्यासात त्यांना कोरियन वाक्ये ओळखताही आली नाहीत. उलट २०१४ मध्ये माँट्रियल येथील अभ्यासात, चीनमधून अगदी लहानपणी आलेल्या मुलींना चिनी भाषेतले काहीही आठवत नसूनही तिचे स्वर ऐकताच त्यांच्या मेंदूने चिनी भाषकांसारखाच प्रतिसाद दिला. तेव्हा प्रश्न निकालात निघालेला नाही.

गैरसमज भाषेपुरतेच नसतात. पहिल्याच दिवशी मूल गळ्यात पडले म्हणजे रुळले, हाही भ्रमच. संस्थेत पाळीनुसार माणसे बदलतात, त्यामुळे कोणत्याही मोठ्या माणसाकडे झेपावण्याची सवय लागते. पाहुण्यांच्या कडेवरही ते तितक्याच सहज जाते. म्हणून सुरुवातीला भरवणे, आंघोळ, झोपवणे आई-वडिलांनीच करावे, असे तज्ज्ञ सुचवतात. तसेच, उशीखाली दडवलेली पोळी सापडली तर ती चोरी समजू नये; पुढचे खाणे मिळेल याची मुलाला अजून खात्री नसते. हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवला की ही सवय बहुधा हळूहळू सुटते.

इंग्रजी येईपर्यंत भाषेची तपासणी थांबवावी, हा सल्ला मात्र नुकसानच करतो. उच्चारदोष किंवा आकलनातली अडचण मुलाच्या मूळ भाषेतच नीट कळते आणि ती भाषा फार काळ टिकत नाही. त्यामुळे मराठी जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून किंवा दुभाष्याच्या मदतीने हे मूल्यांकन पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यावे लागते. श्रवणचाचणीही त्याच वेळी.