मालमोटार

दसरा झाला, की बीड जिल्ह्यातील वाडीवस्तीवर मालमोटारी येऊन उभ्या राहतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, कोंबड्या आणि लहान लेकरे हौद्यात चढवून माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. या जिल्ह्यात परळीला आगगाडी फार पूर्वीच आली. बीड शहराला मात्र तिची वाट अनेक दशके पाहावी लागली. त्यामुळे ज्वारी असो, कापूस असो वा माणसे, सारा भार मालमोटारीवरच पडला.

गंमत अशी, की आपल्या परिचयाची टाटांची मालमोटार जेथे जन्मली, तो कारखाना आगगाडीसाठीच निघाला होता. वाफेची इंजिने बनविण्याकरिता टाटांनी १९४५ साली 'टेल्को' ही कंपनी स्थापन केली. पुढे १९५४ मध्ये तिने जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्यांत डिझेल इंजिन असे. अशा इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. आतील हवा इतकी दाबली जाते, की ती तापून इंधन आपोआप पेट घेते. थोड्या इंधनात पुष्कळ ओझे ओढणारे हे यंत्र घाटवाटांना मानवले. १९६९ साली करार संपला, तेव्हा गाडीच्या तोंडावरील तीन टोकांचा तारा जाऊन तेथे 'टी' हे अक्षर आले. चालकांना त्याचे फारसे काही वाटले नसावे. गाडी तीच होती.

'१२१०' ही त्यांतील मध्यम वजनाची मालमोटार पुष्कळ वर्षे चालली. हा आकडा उगाच दिलेला नाही. मालासह सुमारे बारा टन वजन आणि सुमारे शंभर अश्वशक्ती, असा त्याचा अर्थ. १९८६ साली आलेल्या '४०७' या धाकट्या गाडीचे नावही याच रीतीने वाचावे. गावातील अरुंद बोळांत थोरली गाडी वळत नसे, तेथे ही शिरे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत आगगाडी सुरू झाली. परंतु उसाच्या फडावर रूळ जात नाहीत. दसऱ्यानंतर मालमोटारी व ट्रॅक्टर अजूनही वस्तीवर येतात. आणि हौद्यात बसून गेलेली मुले पुन्हा शाळेच्या अंगणात दिसतात, तेव्हा उन्हाळा लागलेला असतो.