फाटे फुटलेला केस जुळत नाही

भूगाव, पिरंगुट, पौड. मुळशी तालुक्यातल्या या रस्त्यावरच्या कुठल्याही पार्लरमध्ये थोडा वेळ बसावं, एक वाक्य हमखास कानावर पडतं: “ताई, लांबी कमी करू नका, फाटे जातील असं काहीतरी लावा.” मग ‘रिपेअर’ लिहिलेला मास्क निघतो, सीरम निघतं. घरी आजी तेलाची वाटी कोमट करते. उपाय निरनिराळे, समजूत एकच: फाटलेलं टोक पुन्हा जुळतं.

जुळत नाही. तेलाने नाही, अंड्याने नाही, दोन हजारांच्या सीरमनेही नाही.

डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो. त्यात रक्त नाही, जिवंत पेशी नाहीत. मग भरून येणार कुठून? केसाचा गाभा केराटिनच्या तंतूंचा. त्यावर पारदर्शक खवल्यांचे थर असतात, मुळशीतल्या जुन्या घरांच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले. घासून, तापून, रसायनांनी हे थर उडाले की आतले तंतू उघडे पडतात आणि सुटतात. एक केस खिडकीच्या उजेडात धरून पाहावा. टोकाशी दोन बारीक शेपट्या दिसतात. कधी मध्येच पांढरा ठिपका असतो. जरा ओढलं की केस तिथेच तुटतो.

टोकच का फाटतं? कारण ते सगळ्यात जुनं असतं. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 60 सेंटिमीटरच्या वेणीचं टोक सुमारे 5 वर्षांचं. तेवढ्या काळातला प्रत्येक गुंता, प्रत्येक कंगवा आणि प्रत्येक स्ट्रेटनर त्याने सोसलेला असतो.

सीरम लावल्यावर केस सुळसुळीत होतात हे खरं. त्यातलं सिलिकॉन केसावर पातळ लेप देतं, फाटा चिकटून बसतो, घर्षण कमी होतं. काही धुण्यांत लेप जातो आणि फाटा होता तिथेच असतो. बाटलीवरच्या ‘रिपेअर’चा अर्थ एवढाच, हे पार्लरमध्ये कुणी सांगत नाही.

मग आजीचं तेल फुकट का? नाही, फक्त त्याची वेळ चुकते. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून प्रथिनं निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. संशोधक मुंबईच्या मॅरिको कंपनीतले, आणि ही कंपनी खोबरेलच विकते, हेही वाचकाने लक्षात ठेवावं. तरी निष्कर्ष बचावाचा आहे, जुळणीचा नाही. न्हाण्याआधी लावलेलं खोबरेल पुढचे फाटे टाळायला मदत करतं, झालेला फाटा सांधत नाही.

उरलेल्या समजुती थोडक्यात.

‘टोकं कापली की केस भराभर वाढतात.’ वाढ मुळाशी होते. टोकाला काय झालं हे मुळाला कळत नाही. मात्र टोकं सतत तुटत असतील तर लांबी वाढताना दिसत नाही. कापल्यावर तुटणं थांबतं, श्रेय कात्रीला मिळतं.

‘जावळ काढलं की केस दाट येतात.’ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 साली दाढीचे केस मोजून-मापून दाखवलं की वस्तऱ्याने ना वेग वाढतो, ना जाडी. जावळ हौसेने काढावं, दाटपणासाठी नको.

‘अमावस्येला कापले तर वाढ खुंटते.’ केसाला तिथी कळत नाही.

‘टँकरच्या जड पाण्यानेच फाटे फुटतात.’ हिंजवडी-बावधनच्या सोसायट्यांत हे रोज ऐकू येतं. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’तल्या 2013 च्या भारतीय अभ्यासात जड पाण्याने केसाच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही; 2018 च्या पाकिस्तानी अभ्यासात ताकद घटलेली आढळली. निकाल लागलेला नाही, त्यामुळे सगळं खापर टँकरवर फोडणं घाईचं.

खरे गुन्हेगार घरातच असतात: ब्लीच, स्ट्रेटनर, टॉवेलने खसाखसा पुसणं. ओला केस फुगतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. मुळशीच्या पावसाळ्यात केस दिवसभर वाळत नाहीत, म्हणून ओलेच विंचरून घट्ट वेणी घातली जाते. त्याऐवजी पाणी टिपून घ्यावं, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवावा. ओल्या केसावर स्ट्रेटनर तर नकोच; आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात. चांदणी चौकापर्यंत दुचाकीने जाणारीने वेणी घालून स्कार्फ बांधावा.

झालेल्या फाट्याला उपाय कात्रीच. फाटा संपतो त्याच्या थोडं वर कापावं, आणि दुधाच्या पिशव्या कापायच्या बोथट कात्रीने नव्हे. केस टोकाऐवजी मुळाजवळून तुटत असतील, किंवा सोबत थकवा आणि गळती असेल, तर पार्लर सोडून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. थायरॉइडच्या तक्रारीतही केस ठिसूळ होतात.