नाव सांगायची सक्ती नाही

स्कूटरवरून चाललेल्या एका माणसाला भरधाव मोटारीनं उडवलं. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखमीला हात लावला नाही. पोलीस केस आहे, अशा केसेस घेणारं रुग्णालय वीसेक किलोमीटरवर आहे, तिकडे न्या, असं सांगितलं. तो वाटसरू तसाच तिकडे निघाला. जखमीनं वाटेतच प्राण सोडला.

ही बातमी घेऊन मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला: जखमी निर्दोष असो की गुन्हेगार, आधी त्याचा जीव वाचवायचा, कायद्याचे सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टर याला बांधील आहे.

त्या वाटसरूनं त्याच्या हातात होतं ते सगळं केलं होतं. तो थांबला, त्यानं उचललं, एक दार बंद झालं तेव्हा दुसऱ्याकडे धावला. आपण मात्र अपघाताभोवती नुसत्या उभ्या राहणाऱ्या गर्दीला निर्दय म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. त्यातल्या अनेकांच्या मनात भीती असते: उचललं तर पोलीस मलाच विचारणार, पंचनाम्यात नाव जाणार, मग कोर्टाच्या तारखा. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी आपण मदतीला जाण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं. त्यातल्या ८८ टक्क्यांनी कारण दिलं ते पोलीस-कोर्टाच्या जाचाचं. ही भीती व्यवस्थेनं निर्माण केली, तेव्हा ती घालवण्याची जबाबदारीही तिचीच.

ही संस्था पीयूष तिवारी यांनी काढली. २००७ मध्ये त्यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा दिल्लीत अपघातानंतर रस्त्यावर मदतीविना पडून राहिला आणि गेला. संस्थेनं २०१२ मध्ये याचिका केली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियमही झाले.

आज कायदा काय सांगतो? सद्भावनेनं, स्वेच्छेनं आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तुम्ही जखमीला मदत केलीत आणि त्यात तुमच्याकडून काही चूक होऊन त्याला इजा झाली किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर द्यायची सक्ती पोलिसांनाही करता येत नाही आणि रुग्णालयालाही नाही. जखमीला पोचवून तुम्ही निघू शकता. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. झालात, तर तुमच्या सोयीच्या वेळी, तुमच्या घरी किंवा कामाच्या जागी, साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्यानं जबाब घ्यायचा. रुग्णालयानं डिपॉझिटसाठी तुम्हाला अडवायचं नाही. ज्याच्या गाडीनं अपघात झाला त्या चालकाची गोष्ट वेगळी. जखमीला उपचार मिळवून देणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्यच आहे.

हे हक्क रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लावावेत, असा नियम आहे. आपल्या गावातल्या रुग्णालयात मराठीतला असा फलक आहे का, जाऊन पाहावं. नसेल तर मागावा. कॅज्युअल्टीच्या खिडकीवरच्या माणसाला नियम माहीत नसेल, तर तिथं पोचलेला वाटसरू पुन्हा १९८९ च्या आधीच्या काळात उभा राहतो.

आता हातांनी करायचं काम. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला आपला कायदाही ‘गोल्डन अवर’ म्हणतो, कारण वेळेवर उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता या तासात सर्वाधिक असते. आपली गाडी सुरक्षित जागी लावा, इंडिकेटर चालू ठेवा आणि मागून येणाऱ्यांना सावध करायला कुणाला तरी उभं करा. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. फोनवर किलोमीटरचा दगड, जवळचा ढाबा किंवा फाटा, रस्त्याची नेमकी बाजू सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. काय झालंय ते बघायला सारखी उचलू नका. पाणी पाजू नका. आपल्याकडे हे हमखास होतं आणि मायेपोटी होतं, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते उतरू शकतं. हात-पाय धरून, मान लोंबकळत उचलणं टाळा. पाठीच्या कण्याला इजा असली तर तेवढ्यानं कायमचं अपंगत्व येऊ शकतं. आग लागली असेल किंवा जागाच धोक्याची असेल तर मात्र डोकं, मान आणि धड एका रेषेत धरून हलवावं लागतं. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका.

जखमीला त्या पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २०२१ पासून पाच हजार रुपये देत होतं. २०२५ मध्ये ‘राहवीर’ या नावानं ती रक्कम पंचवीस हजार झाली. मदतीचा सन्मान व्हावा, हे चांगलंच. पण ज्याला पोलिसांपुढे नावच द्यायचं नाही, त्याच्यापर्यंत हे पैसे पोचणार कसे? घाटातले टपरीवाले, पंक्चर काढणारे, ढाब्यावरची पोरं अपघाताच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचतात. बक्षिसाइतकाच खर्च त्यांना प्रथमोपचार शिकवण्यावर व्हायला हवा, आणि प्रत्येक धोक्याच्या वळणाजवळच्या एका तरी टपरीवर स्ट्रेचर, हातमोजे आणि जखमेवर दाबायच्या पट्ट्या ठेवायला हव्यात.