मत्स्यपेटीची साफसफाई : आधी मळ ओळखा

बऱ्याच शाळांत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात किंवा व्हरांड्यात काचेची एक मत्स्यपेटी असते. काही महिन्यांत तिच्या काचेवर हिरवा थर चढतो, पंपाची नळी आतून काळपट होते आणि एअर स्टोनमधून येणारे बुडबुडे जेमतेम उरतात. मग सगळे साहित्य मोरीवर जाते. साबण, ब्लीच, संडास साफ करण्याचे ॲसिड, जे हाताला लागेल त्याने ते घासले जाते. अशा सफाईत दोघांना धोका असतो : पेटीतल्या माशांना आणि मोरीवर बसून घासणाऱ्या मुलाला. हे दोन्ही धोके टाळायचे असतील तर लागणारे रसायनशास्त्र शालेय पाठ्यपुस्तकातलेच आहे. फक्त ते योग्य क्रमाने वापरायला हवे.

मळ एक नव्हे, दोन

पेटीतल्या वस्तूंवर बसणारा थर वरवर एकच दिसतो, पण त्यात निदान दोन पदार्थ असतात. पहिला शेवाळ. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट जमते. त्यावर उजेड पडला की शेवाळाला हवे ते सारे मिळते. दुसरा पदार्थ चुनखडीचा, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेटचा थर. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी दुष्फेन असेल तर तो लवकर जमतो. पाणी गरम करण्याच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर मुख्यतः हाच. एअर स्टोनच्या बारीक छिद्रांत हे दोन्ही थर एकमेकांत मिसळून घट्ट बसतात.

शेवाळ सेंद्रिय आहे आणि चुनखडी असेंद्रिय. म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. थर कोणता हे ओळखायला व्हिनेगरचा एक थेंब पुरतो. वस्तू पेटीतून बाहेर काढून, पुसून त्यावर थेंब टाका. फसफसले तर चुनखडी आहे. काहीच झाले नाही आणि थर नखाने बुळबुळीत निघाला तर शेवाळ.

चुनखडीसाठी व्हिनेगर

घरगुती व्हिनेगरमध्ये सुमारे ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते. अभिक्रिया अशी :

कॅल्शिअम कार्बोनेट + ॲसेटिक आम्ल → कॅल्शिअम ॲसिटेट + पाणी + कार्बन डायॉक्साइड

कॅल्शिअम ॲसिटेट पाण्यात विरघळते, त्यामुळे थर सुटतो. वस्तू रंगहीन व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवावी, मग जुन्या दातांच्या ब्रशने घासावी. थर जाड असेल तर व्हिनेगर बदलून पुन्हा बुडवावी. फसफसणे थांबले याचा अर्थ चुनखडी संपली किंवा आम्ल संपले. यातले काय झाले हे ताज्या व्हिनेगरच्या थेंबाने कळते.

संडास साफ करण्याच्या ॲसिडने हेच काम लवकर होईल, असे कोणी सुचवील. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते त्वचा भाजते आणि त्याच्या वाफा घशाला लागतात. शिवाय त्यात मिसळलेली अपमार्जके व रंग छिद्रांत राहून जातात. साबणही याच कारणासाठी नको. अपमार्जकाचा अंशही माशांच्या कल्ल्यांना अपायकारक असतो.

शेवाळासाठी ऑक्सिडीकारक

शेवाळाचा बराच भाग नुसत्या ब्रशने निघतो, म्हणून आधी ब्रशच वापरावा. नळीच्या आत आणि छिद्रांत जे उरते त्यासाठी दोन घरगुती पर्याय आहेत.

पहिला, औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर ‘१० व्हॉल्यूम’ असेल तर ते सुमारे ३ टक्के असते आणि ‘२० व्हॉल्यूम’ असेल तर सुमारे ६ टक्के. दुसऱ्यात तितकेच पाणी मिसळून घ्यावे. वस्तू त्यात अर्धा तास ठेवावी. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होते. मागे काही राहत नाही, हा त्याचा मोठा गुण. शाळेत हाच पर्याय आधी वापरून पाहावा.

दुसरा पर्याय द्रवरूप ब्लीच, म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइटचे द्रावण. ते सुवासिक किंवा साबणमिश्रित नसावे. दोन लिटर थंड पाण्यात १०० मिलिलिटर ब्लीच घालून त्यात वस्तू १५ ते २० मिनिटे ठेवावी. हे काम शिक्षकांनी स्वतः, उघड्यावर, रबरी हातमोजे व चष्मा घालून करावे. धातूचे भाग त्यात बुडवू नयेत, ते गंजतात. ब्लीचमध्ये शेवाळाचे हरितद्रव्य नष्ट होते आणि थर पांढरा दिसू लागतो. पण पांढरा झालेला थर म्हणजे निघालेला थर नव्हे. तो ब्रशने काढावाच लागतो.

दोन रसायने एका भांड्यात नकोत

शेवाळाला ब्लीच आणि चुनखडीला आम्ल, तर मग दोन्ही एकत्र घालून एका फेरीत काम का उरकू नये? असा विचार एखादा हुशार विद्यार्थीच करील, म्हणून याचे उत्तर त्याला आधीच माहीत असायला हवे.

सोडिअम हायपोक्लोराइट + हायड्रोक्लोरिक आम्ल → सोडिअम क्लोराइड + पाणी + क्लोरीन वायू

हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी व्हिनेगर घेतले तरी क्लोरीन सुटतोच. आम्ल आणि ऑक्सिडीकारक एकत्र येऊन क्लोरीन मिळणे ही जुनी गोष्ट आहे. १७७४ साली शील या रसायनशास्त्रज्ञाने हा वायू मँगनीज डायॉक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करूनच मिळवला होता. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जिअममधील ईप्र येथे युद्धात शस्त्र म्हणून सोडण्यात आला. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. बंद मोरीत तो खाली साचतो, म्हणजे उकिडव्या बसलेल्या मुलाच्या नाकाशी.

ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यास क्लोरामाइनच्या विषारी वाफा तयार होतात. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड मिसळल्यास डोळ्यांना व घशाला झोंबणारे परॲसेटिक आम्ल बनते. म्हणून नियम एकच ठेवावा : एका वेळी एकच रसायन, आणि दोन रसायनांच्या मध्ये भरपूर पाणी. थर मिश्र असेल तर आधी व्हिनेगर वापरावे, मग वस्तू तीन-चार पाण्यांनी धुवावी. ओल्या वस्तूवर निळा लिटमस टेकवावा. तो लाल झाला नाही तरच पुढचे रसायन घ्यावे.

चुकून वायू सुटलाच, तर भांडे उचलायला थांबू नये. सर्वांनी लगेच मोकळ्या हवेत जावे. खोकला किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांकडे जावे. फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी वाढू शकतो, म्हणून ‘आता बरे वाटते’ यावर विसंबू नये.

ब्लीच परत पेटीत जाऊ नये

एक लिटर पाण्यात मिलिग्रॅमच्या काही दशांशांइतका क्लोरीन असला तरी तो अनेक माशांना मारक ठरतो. तेव्हा ब्लीचमधून काढलेली वस्तू आधी वाहत्या पाण्याखाली धुवावी. मग पाच लिटर पाण्यात एक छोटा चमचा हायपो (सोडिअम थायोसल्फेट) विरघळवून त्यात ती १५ मिनिटे ठेवावी. हायपो उरलेल्या क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइडमध्ये रूपांतर करतो. शेवटी पुन्हा धुऊन दिवसभर उन्हात वाळवावी. ब्लीचचा वास येत असेल तर हे सगळे पुन्हा करावे. एअर स्टोनचा वास जातच नसेल तर तो टाकून नवा घ्यावा. माशांच्या मानाने तो स्वस्तच असतो.

हायपोच्या द्रावणातही आम्ल जाऊ देऊ नये. हायपो आणि आम्ल एकत्र आले की पाणी दुधाळ होते आणि सल्फर डायॉक्साइडचा उग्र वास येतो. अभिक्रियेचा वेग मोजण्याच्या प्रयोगात हे आपण पाहिलेले असते.

जो थर घालवायचा नसतो

गाळणीच्या स्पंजावरचा तपकिरी थर मात्र मळ नव्हे. त्यात नायट्रीकरण करणारे जिवाणू राहतात. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवतात. स्पंज ब्लीचने धुतला की ते मरतात. पुढच्या काही दिवसांत अमोनिया साचतो आणि पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असताना मासे दगावतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही या जिवाणूंना बाधतो. म्हणून पेटीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळून घ्यावा, इतकेच पुरे. काच, नळ्या आणि स्पंज एकाच दिवशी साफ करू नयेत.

शेवाळ पुन्हा येणार नाही, असे कोणतेही रसायन सांगू शकत नाही. त्याचा वेग मात्र आपल्या हाती आहे. पेटी उन्हाच्या खिडकीपासून हलवावी, दिवा सहा ते आठ तासच लावावा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे आणि आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. घालायचे पाणी आधी क्लोरीनमुक्त करून घ्यावे.

वर्गासाठी एक प्रश्न

एका परीक्षानळीत कॉइलवरून खरवडलेला पांढरा थर घेऊन त्यावर व्हिनेगर ओता. दुसरीत खरवडलेले शेवाळ किंवा बटाट्याचा तुकडा घेऊन त्यावर पेरॉक्साइड ओता. दोन्हींत बुडबुडे येतील. मुलांना विचारा : हे बुडबुडे एकाच वायूचे आहेत का? उत्तर आपण सांगू नका. चुन्याची निवळी आणि विझत आलेली उदबत्ती त्यांच्या हाती द्या. निवळी कुठे दुधाळ होते आणि उदबत्ती कुठे पेटते हे पाहिलेला विद्यार्थी कोणतेही दोन फसफसणारे द्रव एकत्र ओतण्याआधी एकदा थांबेल.