थंड इंजिन आणि होडीचा दांडा

यंत्रयुगांतील पुष्कळशीं साधनें आमच्या घरांत इतकीं रुळून गेलीं आहेत कीं, तीं कशीं चालतात हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत उद्भवत नाहीं. कळ दाबावी, दिवा लागावा. किल्ली फिरवावी, मोटार सुरू व्हावी. एवढ्यानें आमचें समाधान होतें. परंतु जमिनीवरची मोटार अडून बसली तर फार तर खोळंबा होतो. पाण्यावरील होडीचें इंजिन भलत्या वेळीं अडलें, किंवा भलत्या रीतीनें सुरू झालें, तर प्रसंगीं प्राणाशीं गांठ पडते. अलीकडे सुटीच्या दिवसांत सहकुटुंब मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूस जाऊन होडींतून फिरण्याची चाल वाढली आहे. आणि ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत मिशिगन, मिनेसोटा यांसारख्या सरोवरांच्या प्रांतीं राहतात, त्यांपैकीं कित्येकांस तेथें भाड्याची होडी स्वतः हांकण्याचा योगही येतो. सबब या लहानशा यंत्राचा स्वभाव, आणि विशेषतः तें थंड असतां सुरू कसें करावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

होडीच्या पिछाडीच्या फळीस बाहेरून अडकविलेलें जें इंजिन, त्यास ‘आउटबोर्ड’ म्हणतात. वरच्या बाजूस इंजिन, खालीं पाण्यांत पंखा, आणि दोहोंस जोडणारा उभा कणा, एवढाच त्याचा संसार. कॅमेरॉन वॉटरमन या अमेरिकन गृहस्थानें अशा इंजिनाचें पेटंट १९०७ सालीं मिळविलें होतें. पण त्याचा खरा प्रसार केला तो ओले एव्हिनरूड यानें. १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मलेला हा कारागीर लहानपणींच अमेरिकेंत आला. उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या वाग्दत्त वधूसाठीं सरोवरापलीकडून आइस्क्रीम आणतांना वल्हीं मारून मारून तो थकला, आणि तोंवर आइस्क्रीमचें पाणी झालें. तेव्हां त्याच्या मनांत ही कल्पना आली, असें सांगतात. गोष्ट कितपत खरी तें असो. १९०९ सालीं मिलवॉकी शहरीं त्यानें कारखाना काढला, आणि त्याची पत्नी बेस हिनें धंद्याचा व्यवहार व जाहिराती सांभाळल्या, हें निर्विवाद आहे. त्याच्या पहिल्या इंजिनाची शक्ति अवघी दीड अश्वशक्ति होती, आणि वरच्या चक्रावरील मूठ हातानें फिरवून तें सुरू करावें लागे. एव्हिनरूड नांवाचीं इंजिनें पुढें २०२० सालापर्यंत बनत होतीं.

आतां ‘थंड इंजिन’ म्हणजे काय तें पाहूं. हिमालयांतील किंवा मिनेसोटांतील कडाकाच त्यास लागतो असें नाहीं. रात्रभर उभें राहून ज्याच्या अंगांतील ऊब निघून गेली आहे तें इंजिन थंडच समजावें; मग तें पौषांत मालवणच्या किनाऱ्यावर कां असेना. याचें कारण असें कीं, पातळ पेट्रोल जळत नाहीं, जळते ती त्याची वाफ. वजनानें सुमारें १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल असें मिश्रण पूर्णपणें जळतें. इंजिन तापलेलें असतां पेट्रोलची वाफ चटकन होते. पण धातूच्या भिंती थार असल्या म्हणजे पेट्रोलचा बराचसा भाग त्यांवर दंवासारखा जमून राहतो, आणि ठिणगीजवळ जें मिश्रण पोंचतें तें फिकें पडतें. शिवाय थंडींत तेल घट्ट होतें, बॅटरीचा जोर कमी पडतो, आणि चक्र मंद फिरतें. म्हणून आरंभीं नेहमीपेक्षां अधिक पेट्रोल द्यावें लागतें.

हें काम जुन्या धाटणीच्या, म्हणजे कार्बुरेटर असलेल्या इंजिनांत दोन साधनें मिळून करतात. पहिलें चोक. ही हवेच्या वाटेवरची झडप असून ती मिटली कीं, हवा आडते आणि पेट्रोल अधिक ओढलें जातें. दुसरें थ्रॉटल. ही पुढची झडप असून, इंजिनांत एकंदर किती मिश्रण जावयाचें तें ती ठरविते. थ्रॉटल अगदीं मिटलेलें असेल तर थंड इंजिनास धुगधुगी धरण्यापुरतेंही मिश्रण मिळत नाहीं. म्हणून तें किंचित् उघडावें लागतें. पुष्कळ आउटबोर्ड इंजिनांत थ्रॉटलच्या हालचालीबरोबर ठिणगीची वेळही थोडी अलीकडे सरकते, त्यामुळेंही सुरुवात सोपी होते. येथें मोटार हांकणाऱ्यांनीं एक संवय विसरावी. जुन्या मोटारींत पायानें दोन-तीन वेळां दाबलें म्हणजे पेट्रोलची पिचकारी उडे. बहुतेक लहान आउटबोर्ड इंजिनांत तशी पिचकारी नसते, आणि दांडा पुनःपुन्हां मागें-पुढें केल्यानें कांहींही साधत नाहीं.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. मोठ्या होडींत चालकाच्या हाताशीं जो दांडा असतो, तो एकटाच दोन कामें करतो. उभा असतां पंखा मोकळा. थोडा पुढें ढकलला कीं पुढचा गिअर पडतो. आणखी पुढें ढकलला कीं थ्रॉटल उघडतें. मागें ओढल्यास याच क्रमानें होडी मागें जाते. मग पंखा न फिरवितां थ्रॉटल तेवढें उघडावें कसें? याकरितां कारागिरांनीं निराळी सोय केलेली असते. कांहीं दांड्यांच्या बुडाशीं एक बटण असतें. दांडा उभा असतां तें दाबून, किंवा कांहीं नमुन्यांत दांडा बाहेर ओढून, मग पुढें सरकविला म्हणजे गिअर सुटा राहतो आणि केवळ थ्रॉटल उघडतें. कांहीं ठिकाणीं यासाठीं बाजूला स्वतंत्र लहान दांडीच असते. हातानें वळविण्याच्या लहान इंजिनांस मुठीवरच थ्रॉटल असतें, आणि सुरुवातीस मूठ कोठें ठेवावी याची खूण पुष्कळदां तिच्यावर कोरलेली असते. होडी भाड्यानें घेणारानें ही सोय कोठें आहे, एवढें तरी धन्यास विचारून घ्यावें.

प्रत्यक्ष क्रम असा. प्रथम इंजिनाचें खालचें अंग पाण्यांत पुरतें बुडालें आहे ना तें पाहावें. कारण इंजिनास थंड ठेवणारा पंप रबरी पात्यांचा असतो व कोरडा फिरल्यास लवकर खराब होतो. टाकीच्या झांकणावरील हवेचा स्क्रू असल्यास तो सैल करावा. पेट्रोलच्या नळीवरील रबरी फुगा तो घट्ट लागेपर्यंत दाबावा. होडी दोरानें बांधलेली असावी. पंख्याजवळ कोणी पोहणारें नसावें. मुलेंमाणसें खालीं बसलेलीं असावीं. मग गिअर सुटा ठेवून, वर सांगितलेल्या सोयीनें थ्रॉटल थोडें उघडावें, चोक ओढावा, आणि किल्ली फिरवावी अथवा दोरी जोरानें ओढावी. किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक धरूं नये. मध्यें बॅटरीस विसांवा द्यावा. इंजिनानें सूर धरतांच चोक हळूहळू सोडावा आणि थ्रॉटल कमी करावें. मोकळ्या पंख्यावर इंजिन उगाच गर्जवूं नये. भार नसतां तें बेफाम फिरतें, व तेल नीट न पसरल्यानें आंतील भाग झिजतात. याच वेळीं मागें पाण्याची बारीक धार उडत आहे कीं नाहीं तें पाहावें; धार नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करावें. दोन-चार मिनिटें असें चालवून, दांडा पुन्हां उभा आणून, इंजिन मंद झाल्यावरच गिअर टाकावा.

हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा होय. थ्रॉटल उघडेंच असतां गिअर पडला, तर आंतील दातेरी चकत्या खडखडून आदळतात आणि होडी एकाएकीं पुढें झेप घेते. उभें असलेलें मूल किंवा म्हातारें माणूस अशा वेळीं पाण्यांत फेंकलें जातें. आणि पाण्यांत पंखा फिरत असतो. गिअर पडलेला असतां सुरूच होऊं नये अशी कळ बहुतेक इंजिनांत बसविलेली असते. परंतु ती बिघडूंही शकते, म्हणून डोळ्यांनीं खात्री करावी.

चोक फार वेळ ओढला गेल्यास इंजिनांत पेट्रोल सांचतें, त्याचा वास येतो, आणि ठिणगीचा प्लग भिजतो. तेव्हां चोक बंद करून, गिअर सुटा ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडावें आणि चक्र फिरवावें. भरपूर हवा जाऊन सांचलेलें पेट्रोल निघून जातें. इंजिनानें उचल घेतांच मात्र दांडा त्याच क्षणीं मागें घ्यावा. नव्या इंजिनांत कार्बुरेटरऐवजीं पेट्रोलची फवारणी होते, आणि उष्णता मोजून किती फवारा द्यावा तें यंत्रच ठरवितें. तेथें दांडा उभा ठेवून नुसती किल्ली फिरवावी, हेंच बहुधा योग्य.

आमच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळी बांधवांस हें शास्त्र हातानेंच अवगत आहे. रॉकेलवर चालणारीं इंजिनें ते आधीं पेट्रोलवर सुरू करतात, तापल्यावर रॉकेलवर नेतात, आणि थांबविण्यापूर्वीं पुन्हां कांहीं वेळ पेट्रोलवर चालवितात. कारण रॉकेलची वाफ थंडपणीं पुरेशी होत नाहीं, आणि तें नळ्यांत राहिलें तर दुसरे दिवशीं पहाटे इंजिन हट्ट धरतें. पहाटेची वेळ चुकली कीं मासळीची वेळ चुकते.

शेवटीं एक सूचना. चालकाच्या मनगटास किंवा कपड्यास जोडण्याची एक लहान दोरी इंजिनाबरोबर येते. चालक पाण्यांत पडला कीं ती सुटते आणि इंजिन थांबतें. अमेरिकेंत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान अशा बहुतेक हौशी होड्यांवर, होडी वेगांत असतां, ही दोरी किंवा तत्सम साधन जोडलेलें असणें कायद्यानें सक्तीचें झालें आहे. इकडे ती पुष्कळदां इंजिनासच लोंबत राहते. आमच्या वाचकांनीं होडींत पाय ठेवतांच तांडेलास ती लावण्याची विनंति करावी, मुलांच्या अंगावर तरंगतीं जाकिटें घालावीं, आणि इंजिन तापण्यास जीं चार मिनिटें लागतात, तेवढा वेळ निमूटपणें बसून राहावें.