यंत्र गाडीवर चढवताना : नीट बांधा, सुखरूप पोहोचा



15 मे रोजी शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण येतो आणि त्याच सुमारास आपल्या डिंडोलीत गावी जाण्याची घाई सुरू होते. आपल्यापैकी अनेकांचे पोट सुरतेच्या लूमवर वा बांधकामावर चालत असले, तरी जमीन नवापूर, नंदुरबार, साक्री या बाजूला आहे. मृगाच्या आत तेथे पोहोचायचे असते. पूर्वी सोबत बियाण्याचे गाठोडे असे. आता पॉवर टिलर वा लहान ट्रॅक्टरही टेम्पोत किंवा ट्रॉलीत घालून नेला जातो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी आणि पुढे कोंडाईबारीचा घाट असा हा मार्ग. त्यावर एका सुतळीने बांधलेली यंत्रे आम्ही पाहतो, तेव्हा काळजी वाटते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

वजन स्वस्थ बसत नाही

पॉवर टिलरचे वजन सुमारे 400 किलो धरा. गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने चालली आहे आणि पुढे म्हैस आडवी आली. चालकाने 10 मीटरमध्ये गाडी थांबवली, तर ते यंत्र सुमारे 250 किलोच्या जोराने पुढे झेपावते. हौद्याचा पत्रा ओला किंवा तेलकट असेल, तर त्याला अडवणारे फारसे काही उरत नाही. वेग 60 केला, की थांबायला सव्वादोन पट अंतर लागते. "जड आहे, कुठे जाते?" हे म्हणणे म्हणूनच खोटे. जितके जड, तितका त्याचा धक्का मोठा.

चढवताना

इजा केवळ रस्त्यावरच नव्हे, तर चढवता-उतरवतानाही होतात. शक्य असल्यास गाडी बांधाला किंवा ओट्याला लावावी. फळ्या वापरायच्या तर हौदा अडीच फूट उंच असल्यास त्या निदान आठ फूट लांब असाव्यात आणि त्यांचे वरचे टोक हौद्याला पक्के अडकवलेले असावे. दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी आणि मागे टेकू द्यावा. नाहीतर मागे वजन पडताच तिचे तोंड वर उचलते.

यंत्र सर्वांत खालच्या गियरमध्ये सरळ चढवावे. पॉवर टिलर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये : उतारावर एका बाजूचा क्लच दाबला, तर यंत्र नेहमीच्या उलट बाजूला वळते. म्हणून फळीवर वळवण्याचा प्रयत्नच करू नये. फळीच्या खाली किंवा यंत्राच्या मागे कोणी उभे राहू नये; लेकरांना तर दूरच ठेवावे.

बांधताना

1. यंत्राचे वजन ट्रॉलीच्या आसाच्या किंचित पुढे यावे. वजन मागे गेले, तर ट्रॉली शेपटीसारखी हेलकावते.

2. गियर टाकावा, ब्रेक लावावा, पेट्रोलचा वा डिझेलचा कॉक बंद करावा. जोडलेले अवजार खाली टेकवावे. प्रत्येक चाकाला पुढून व मागून लाकडी ठोकळा लावून तो हौद्याला खिळ्यांनी पक्का करावा.

3. चार कोपऱ्यांना चार बांध हवेत : दोन पुढे ओढणारे, दोन मागे ओढणारे. बांध तिरपा असावा, साधारण 45 अंशांचा. सरळ खाली ओढलेला बांध यंत्राला फक्त दाबतो, सरकण्यापासून अडवत नाही.

4. बांध चासीला किंवा आसाला घालावा. हॅंडल, मडगार्ड, सायलेन्सर यांना बांधू नये. ती वाकतात आणि बांध सैल पडतो.

5. काथ्याचा जुना दोर आतून कुजलेला असतो. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो. रॅचेटचे पट्टे किंवा साखळी उत्तम. पट्ट्याच्या लेबलावर कामाचा भार छापलेला असतो, तो पाहून घ्यावा. कड धारदार असेल तेथे मध्ये गोणपाट घालावे.

6. दोरात दांडके घालून पीळ देण्याची सवय सोडावी. दांडके निसटले तर तोंडावर बसते.

7. मागचा फाळका बंद करावा. पण फाळक्याच्या भरवशावर यंत्र सोडू नये.

वाटेत

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सर्व बांध हाताने तपासावेत, कारण हादऱ्यांनी ते सैल होतात. पुन्हा चहाला थांबाल तेव्हा तपासावेत, आणि कोंडाईबारीचा घाट लागण्याआधी न चुकता. यंत्रासोबत हौद्यात माणसे बसवू नयेत. भाड्याचे पैसे वाचतात म्हणून बायकापोरांना यंत्राशेजारी बसवणे, हे आमच्या मते सर्वांत घातक.

इजा झालीच तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नये. यंत्राखाली सापडलेल्याची मान वा पाठ दुखत असेल, तर त्याला उठवून बसवू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातेत 2007 पासून आणि महाराष्ट्रात 2014 पासून आहे. सीमा ओलांडली तरी क्रमांक तोच. बोट चेंगरले, लोखंड लागले, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. वजन उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवावेत.

शेवटी

अनुवाद ग्रंथाच्या 22 व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, अशा अर्थाची आज्ञा आहे. घर आपले, पण पडणारा शेजाऱ्याचा मुलगाही असू शकतो, हे देवाने त्या काळीही लक्षात ठेवायला लावले. हौद्यातले यंत्र निसटले, तर ते मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या माणसावर पडेल. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, पण तो आपला शेजारीच आहे. चार पट्ट्यांचा खर्च हा त्याच्यासाठी घातलेला कठडा समजावा.

यंत्र कर्जाचे असते, हप्ते फेडता येतात. गेलेला जीव कोणत्याही हप्त्याने परत येत नाही. यंदा गावी निघण्यापूर्वी कोणाला यंत्रावर आशीर्वाद हवा असल्यास रविवारच्या मिस्सानंतर गाडी चर्चच्या आवारात आणावी. आम्ही प्रार्थना करू, आणि प्रार्थनेआधी चारही बांध ओढून पाहू.

प्रभू आपणां सर्वांना सुखरूप शेतावर पोहोचवो आणि पाऊस वेळेवर देवो.